ठिपक्याचा कप

नलिनीनं हातात दिलेला कप बाहेरून ओला होता. झालं ते एवढंच. चहा नेहमीसारखा, घट्ट दुधाचा, वर सायीचा पातळ पापुद्रा, झोपाळा नेहमीसारखा ओसरीवरचा, आणि नलिनीही नेहमीसारखी हसून म्हणाली, "घे वं सुमन, तुह्या हातचा कप अन् माह्या हातचा चहा." पण कप ओला होता, आणि तो का ओला होता ते मी नुकतंच पाहिलं होतं. फाटकासमोर संत्र्याच्या रिकाम्या क्रेटची गाडी आडवी लागली होती म्हणून मी आज पहिल्यांदा मागच्या बाजूनं, गोठ्याकडून आले. तिथं भिंतीला टेकून मनकर्णा उकिडवी बसली होती. मनकर्णा त्यांच्याकडे शेण काढते, अंगण झाडते, तोडणीच्या दिवसांत त्यांच्या संत्र्याच्या बगिच्यात जाते. तिच्या हातात माझा कप होता. माझा म्हणजे मी घडवलेला, माझ्या भट्टीतून धड निघालेला पहिला कप, कानाखाली अंगठ्याचा खळगा असलेला, तळाशी निळा ठिपका असलेला. मी तो नलिनीला भेट दिला होता. मनकर्णानं शेवटचा घोट घेतला, नळाखाली कप धरला, दोन बोटं आतून फिरवली आणि गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत तो पालथा ठेवला. मी वळसा घालून ओसरीवर आले, झोपाळ्यावर बसले. नलिनी आत गेली, चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली, गोठ्याकडे गेली आणि कप घेऊन परतली.

मी तो चहा प्यायले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच चिडणार आहे आणि कुणाला वाटेल की मी कप तिथंच आपटला. आपटला नाही. मनकर्णा दिवसभर दाताला तंबाखूची गुडाखू लावते, तिचे ओठ कडेनं काळे पडलेत, आणि मला त्या कपाच्या काठावर ते ओठ दिसत राहिले. मला किळस आली. कप फिरवून मी कानाच्या अगदी जवळून ओठ लावला, जिथून कुणी पीत नाही तिथून. आणि मग, अर्धा कप झाल्यावर, दुसरी किळस आली, पहिलीच्या पाठोपाठ, पहिलीपेक्षा मोठी. मनकर्णा आमच्यातली. आमच्याच विहारात वंदनेला माझ्या मागच्या रांगेत बसते. म्हणजे या घरात आम्हा दोघींसाठी एक कप आहे, तो गोठ्यात राहतो, आणि तो मीच करून दिलाय. स्वतःच्या हातानं, कौतुकानं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"कसा झाला चहा?" नलिनी म्हणाली. मी म्हणाले, "मस्त." मग ती झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसली, मांडीला मांडी लावून. तेच मला कळेना. मांडीला मांडी चालते, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं सासूचं गाऱ्हाणं सांगितलेलं चालतं, आणि कप चालत नाही! ती म्हणाली, "आयक ना, पुढच्या महिन्यात तोडणी सुरू होते. मले डझनभर कप करून दे बरं. नागपूरचे व्यापारी येते, त्यायच्यासमोर तुहे कप कसे शानदार दिसते. पण ते बिनठिपक्याचे कर. अन् चार-सहा असे ठिपक्याचे, मजुरायसाठी." मी विचारलं, "ठिपका कायले पाहिजे?" ती माझ्याकडे बघून निर्मळ हसली. "अवं, घासतांना मिसळते ना सगळे. ठिपका असला का गडबड होत नाई." तिला मी त्या क्षणी कोण वाटत होते, कुणास ठाऊक. तिच्या डोळ्यांत काही लपवलेलं नव्हतं. लपवलेलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी चाकाशी बसले. दुसरं काय करणार! आमच्या घराची मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द आमच्या लेकीचा, स्नेहाचा. माझा नवरा, मनोहर, त्याला "मातीची खोली" म्हणतो. मी शाळेतली नोकरी सोडली, नागपूरला जाऊन-येऊन हे काम शिकले, आणि स्नेहानं पुण्याहून विजेवरचं चाक धाडलं. मनोहर वीज खात्यात, म्हणून भट्टीसाठी वेगळी लाइन, जाड वायर, स्वतंत्र स्वीच सगळं त्यानं स्वतः उभं राहून बसवून घेतलं. फळ्या सुताराकडून, जुन्या दाराच्या. माती कापायची तार आधी मासे पकडायच्या दोऱ्याची, मग स्नेहाच्या मोडक्या गिटारची. कोपऱ्यात प्लास्टरची लादी, ओली माती सुकवायला, आणि तिच्याखाली झाकणाची बादली. चाकावरून उडालेली, फसलेल्या कपांची, कातरून काढलेली सगळी माती त्या बादलीत पाण्यात पडते, विरघळते, आंबते. आंबलेली माती हाताला लोण्यासारखी लागते, पण वास मारते नासक्या अंड्याचा. मनोहर नाकाला रुमाल लावून जायचा आणि मी त्याला चिडवायचे की तुमच्या ऑफिसातल्या फायलींपेक्षा बरा आहे. खरंच मला तो वास आवडायचा.

आणि भट्टी. भट्टी पांढुर्ण्याच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडली होती आणि तिथून आमच्या सौंसरला आणायला कुणी तयार होईना. विटांच्या अस्तराची नाजूक वस्तू, कुणी जोखीम घेत नव्हतं. नलिनीनं स्वतःची गाडी पाठवली. नुसती पाठवली नाही, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेली, भट्टीच्या चारी बाजूंना संत्र्याचे भरलेले क्रेट लावून तिला हलू न देता आणली. पहिल्यांदा भट्टी तापवली तेव्हा खोलीभर संत्र्याच्या सालीचा वास सुटला होता, आम्ही दोघी हसून बेजार. ती स्टूलवर बसली होती, याच खोलीत. पाणी प्यायली होती का? आता मी आठवत बसले. बाटली होती तिच्याकडे. तिची स्वतःची, पर्समधली. चहा विचारला तेव्हा म्हणाली होती, "आज चतुर्थी आहे माही." त्याआधी एकदा एकादशी होती. एकदा नुकतीच जेवून आली होती. मी तिला उपासतापास करणारी भाबडी समजत होते आणि मनोहरला सांगायचे, बिचारीची प्रकृती नाजूक, सदा उपाशी. आणि तिच्याकडे मी कायम ओसरीवर, झोपाळ्यावर, कारण "इथं कशी हवा लागते." इतक्या वर्षांत तिचं स्वयंपाकघर मी पाहिलं नाही. तिच्या घराची फरशी आत कोणत्या रंगाची आहे, मला सांगता येणार नाही. माझी मैत्रीण!

कप दिला त्या दिवसापासून तर मी हुरळूनच गेले होते. त्याआधी तिच्याकडे मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळायचा, आणि मी त्याचा कधी विचार केला नव्हता. कप दिल्यावर दरवेळी माझाच कप! नलिनी म्हणाली होती, "हा कप मी दुसऱ्या कोणाले नाई देत, तुह्यासाठीच राखून ठेवला." मी ते वाक्य घरी येऊन मनोहरला सांगितलं, स्नेहाला फोनवर सांगितलं. ठिपक्याची गोष्टही आता सांगायलाच हवी. स्नेहा म्हणाली होती, आई, प्रत्येक भांड्याच्या तळाशी कारागिराची खूण असते, तू नाव लिही. मी नाव लिहायला ब्रश घेतला आणि थांबले. नुसतं सुमन लिहिलं तर लोक विचारतात, कोण सुमन? आणि आडनाव लिहिलं की आमच्या भागात पुढचं काही विचारावं लागत नाही. म्हणून मी ठिपका दिला. तळाच्या कोऱ्या मातीवर, मधोमध, निळा. ठिपक्याला कुणी आडनाव विचारणार नाही, असं मला वाटलं होतं. मोठी हुशारी केली होती मी. आडनाव लपवायला दिलेला ठिपका आता नलिनीच्या गोठ्यात आडनावाचंच काम करत होता, आणि मला तो आणखी चार-सहा कपांना द्यायचा होता.

मनोहर संध्याकाळी आला. मी त्याला भाकरी वाढताना विचारलं, "आपण नलिनीच्या घरी कधी जेवलो का?" त्यानं घास थांबवला. "तुले आज मालूम पडलं काय?" म्हणाला. मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाले मालूम होतं?" तो भाकरी मोडत राहिला. मग मला त्याची ॲसिडिटी आठवली. नलिनीच्या घरी, बगिच्यातल्या मोटारीचं कनेक्शन बघायला, तिच्या सासऱ्यांना, बापूजींना भेटायला कितीदा गेला, आणि दरवेळी, "चहा नको, मले ॲसिडिटी आहे." मी त्याला वर्षानुवर्षं सकाळी थंड दूध पाजत आले. त्याला ॲसिडिटी नव्हतीच. कधीच नव्हती. "मग तुम्ही मले सांगतलं कायले नाही?" मी ओरडलेच. तो म्हणाला, "तू खुश होती ना तिथं. तुले एक मैत्रीण भेटली होती. मी कायले मोडू?" आणि थोड्या वेळानं, ताटाकडे बघत, "दूधही मले आवडत नाही." मला हसू यायला हवं होतं. मला त्याचीही शिसारी आली, त्याच्या समजूतदारपणाची, त्या गपचूप प्यायलेल्या दुधाची. मी तिथं जाऊन झोपाळ्यावर झुलत होते, आणि हा माणूस सगळं ओळखून मला झुलू देत होता.

कप तर करायचे होते. नाही म्हणता आलं असतं. फोन उचलून नाही म्हणायचं, एवढंच. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं, आणि सांगितलं की नलिनी रडणार, मला मिठी मारणार, म्हणणार की तसं काही नाही वं, बापूजी जुन्या वळणाचे आहेत, त्यांच्यामुळं. ती मिठी मला नको होती. मी माती मळायला घेतली. बादलीचं झाकण काढलं आणि तो वास आला, रोजचाच, आणि त्या दिवशी मी मोरीवर जाऊन ओकले. हात घातला तर गार, बुळबुळीत, कुणाच्या तरी तोंडात हात घातल्यासारखं. ज्या मातीसाठी मी नोकरी सोडली, ज्या मातीला हात लागला की माझं डोकं शांत व्हायचं, तिचा मला त्रास होऊ लागला. चाकावर गोळा मधोमध बसेना. बसला की भिंत वर ओढताना काठ डोळ्यांसमोर यायचा, आणि काठ आला की ओठ आलेच: मनकर्णाचे काळे, माझे, नागपूरच्या व्यापाऱ्यांचे पान खाल्लेले. कुणाकुणाची थुंकी मी घडवत बसले आहे, असं वाटायचं. नलिनीनं माझी मैत्री नेली ते एक वेळ सोसेन. ही खोली मात्र मला परत हवी होती. रोज सकाळी इथं बसावं, हात भरावेत, आणि किळस येऊ नये. दुसरं काही मी मागत नव्हते.

तरी हातांना सवय असते. कप झाले, कान जोडले, सुकले, पहिली भाजणी झाली. मग झिलई लावायच्या आधी सगळे कप मी पालथे मांडले. तळाला झिलई लावत नाहीत, नाहीतर कप भट्टीच्या फळीला चिकटून बसतो. तळ कोराच राहतो. कोऱ्या तळांच्या त्या रांगेसमोर मी ब्रश घेऊन बसले. कुठले व्यापाऱ्यांचे, कुठले मजुरांचे? सगळे एकाच गोळ्याचे, एकाच हातचे, मलाच वेगळे करता येत नव्हते. मी पहिल्या कपाला ठिपका दिला. मग दुसऱ्याला. मग थांबलेच नाही.

कप पोचवायला मी पुढच्या फाटकानं गेले. नलिनी खूष झाली, ओसरीवर सतरंजी अंथरून एकेक कप वर्तमानपत्रातून सोडवू लागली. "किती शानदार झाले वं!" असं म्हणत तिनं कप उलटा केला, बाजूला ठेवला. दुसरा उलटा केला. तिसरा. मग तिचं बोलणं थांबलं आणि ती नुसतीच कप उलटे करत गेली, एकामागून एक, सगळे, शेवटच्यापर्यंत, आणि मग पहिल्यापासून पुन्हा. बापूजी आरामखुर्चीत बसून बघत होते. "सगळ्यायलेच दिला ठिपका?" ती म्हणाली. मी म्हणाले, "हो. माही खूण आहे ती. माह्या सगळ्या कपायले असते." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. मला कळलंय, हे तिला कळलं. तिच्या कानापर्यंत लाली चढली, आणि एक क्षण मला वाटलं, आता ती यातला एक कप उचलेल, आत जाईल, चहा भरून आणेल, मला देईल, दुसऱ्यात स्वतः पिईल, आणि मी सगळं विसरून जाईन. खरंच विसरले असते. मी त्या चहाची वाट पाहिली, आता लाजायचं काय. ती उठली, आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात कागदी कप होता, लग्नाकार्यात देतात तसला. "नवे कप अजून धुतले नाई ना," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी म्हणाले, "चहा नको, मले ॲसिडिटी आहे." झोपाळ्यावरून उठले, ओसरी उतरून गोठ्याकडे गेले, देवळीतला माझा कप घेतला आणि मागच्या वाटेनं घरी आले. मागून कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मनकर्णा. "जयभीम बाई." तिनं आमच्याकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं, मी बोलावलंही नव्हतं. "माहा कप तुम्ही आनला म्हनून राहिल्या मालकीनबाई." मी म्हणाले, "तो माझा आहे, मनकर्णा." "तुम्ही केला हे मालूम हाय मले," ती म्हणाली, "पन पेत तर मीच होती रोज. आता मले कागदाच्या कपात देऊन राहिले. हाताले चटके बसते, अन् चहा दोन घोटाचा." तिचा सूर भांडणाचा नव्हता. तिला तिचा कप हवा होता, त्यात चहा जास्त मावत होता आणि कान पकडायला बरा होता. इतक्या दिवसांत त्या कपाबद्दल कुणी दिलेली ही पहिली खरी पावती, आणि मला ती ऐकवेना. मी विचारलं, "गोठ्यात ठेवते तो कप. तुला काही वाटत नाही?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी खुळी आहे. "वाटून काय करू बाई? तुम्हालेही त्याच्यातच देत होत्या ना. मी देखत होती रोज. मले वाटे, तुम्हाले मालूम हाय."

मी तिला आत बोलावलं, चहा ठेवला. आणि चहा उकळला तेव्हा माझा हात मांडणीकडे गेला, आमच्या रोजच्या कपांवरून पुढे सरकला आणि स्टीलच्या पेल्यावर जाऊन थांबला. मी माझ्या हाताकडे बघत राहिले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पेला सोडून मी तो कप घेतला, कानाखाली खळग्याचा, आणि तिला भरून दिला. ती जमिनीवर बसून प्यायली, सावकाश, फुंकर घालत. प्यायल्यावर उठली आणि मी काही म्हणायच्या आत मागच्या दारानं अंगणातल्या नळावर गेली, कप धुतला, दोन बोटं आतून फिरवली, आणि आत न येता धुण्याच्या दगडावर पालथा ठेवला. वेगळा. निळा ठिपका वर. मी म्हणाले, "इथं असं करायचं नाही, मनकर्णा. आण तो आत." ती म्हणाली, "राहू द्या बाई, सवय हाय." मी तिला फळीवर उरलेले दोन नवे कप दिले, वर्तमानपत्रात गुंडाळून, ती म्हणाली, एक पुरे, तो मालकिनीकडे ठेवीन, अन् दुसरा कायले? मी म्हणाले, दुसरा घरी ठेव. ती गेली.

पातेल्यात माझ्या वाटचा चहा होता. मी दगडावरचा कप उचलून आणला, ओलाच, आणि त्यात चहा ओतला. वास आला गुडाखूचा, किंवा मला तसा वाटला. यावेळी मी कप फिरवला नाही. जिथून ती प्यायली तिथूनच प्यायले, थांबून थांबून, तळ दिसेपर्यंत. किळस काही गेली नाही. मग मी कप घासला आणि मांडणीवर आमच्या कपांच्या रांगेत ठेवला, आणि हात मागे घेतल्यावर दिसलं की त्याच्या आणि शेजारच्या कपाच्या मध्ये मी बोटभर जागा सोडली आहे. मी तो बोटानं सरकवला. कप कपाला लागल्याचा आवाज झाला. मग मी मागच्या खोलीत गेले आणि बादलीचं झाकण काढलं.